पॅकेट रेडिओची जोडणी एकाच बाजूने चालते तेव्हा

पॅकेट रेडिओ म्हणजे संगणकाचा मजकूर छोट्या तुकड्यांत (फ्रेममध्ये) हौशी रेडिओवरून पाठवणं. त्यात कधी इंदूरच्या रामबागेतून महूला पिंग केलं (‘आहेस का?’ असा छोटा निरोप पाठवला) तर उत्तर येतं, पण महूहून रामबागेला केलं तर काहीच येत नाही. किंवा देवासचं बीकन (आपली ओळख सांगणारा ठरावीक संदेश) दर दहा मिनिटांनी पडद्यावर स्वच्छ उमटतं, मात्र कनेक्ट दिलं की दहा प्रयत्न होतात आणि जोडणी सुटते. दोन्ही तक्रारी ‘एकतर्फी जोडणी’ याच नावाने सांगितल्या जातात आणि दोन्हींवर एकच उपाय सुरू होतो: अँटेना हलवा, पॉवर वाढवा.

पहिल्या तक्रारीत रेडिओ निर्दोष आहे. महूचं उत्तर रामबागेत पोचलं याचा अर्थ फ्रेम गेलीही आणि आलीही. हवेतले दोन्ही रस्ते शाबूत आहेत, बिघाड संगणकात आहे: पत्ता, मार्ग, आर्प (कोणता पत्ता कोणत्या स्टेशनचा हे सांगणारा तक्ता) किंवा फायरवॉल (नको ती पॅकेटं अडवणारी गाळणी). दुसऱ्या तक्रारीत मात्र संगणकाला हात लावण्याआधी रिग (रेडिओसंच), ऑडिओची केबल आणि वेळेचे आकडे तपासायचे. एवढा एक फरक सुरुवातीला केला की निम्मं काम होतं. तिसराही प्रकार आहे. जोडणी होते, लॉगिनची ओळ येते, आणि लांब मजकूर मागितला की सगळं थांबतं. तो एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, प्रश्न असतो, त्याबद्दल पुढे.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की ठेवावी. तक्रार ज्या टोकाकडून येते, दुरुस्ती पुष्कळदा समोरच्या टोकाला लागते. म्हणून हे काम एकट्याने होत नाही. समोरच्या ओएमना (हौशी रेडिओवाल्या मित्राला) फोनवर घ्या आणि दोघांनीही आपापला मॉनिटर (हवेतल्या फ्रेम दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा ठेवा.

पिंग करण्याआधी हे वाचा

१२०० बॉडवर (सेकंदाला १२०० बिट) पिंग साधा वाटतो तितका निरुपद्रवी नाही. नेहमीचा पिंग ८४ बाइटचा आयपी पॅकेट असतो. त्यावर दोन कॉलसाइनचे (स्टेशनच्या नावांचे) १४ बाइट, कंट्रोल आणि पीआयडीचा एकेक, तपासणीचे दोन आणि फ्लॅगचे दोन, असे १०४ बाइट होतात. सेकंदाला १५० बाइट या वेगाने त्याला ०.६९ सेकंद लागतो. त्यात ३०० मिलिसेकंद टीएक्सडिले (ट्रान्समिट सुरू झाल्यावर मजकुराआधीची थांब) आणि १०० मिलिसेकंद टेल (मजकुरानंतरची थांब) धरा: एक फ्रेम म्हणजे ०.४ आणि ०.६९ मिळून जवळजवळ १.१ सेकंद. पिंग मात्र दर सेकंदाला नवा निघतो. म्हणजे आपलाच ट्रान्समीटर सतत चालू राहतो आणि समोरून आलेल्या उत्तराला जागाच मिळत नाही. चांगली जोडणीसुद्धा या चाचणीत एकतर्फी दिसते.

म्हणून दोन पिंगमधलं अंतर १५ सेकंद आणि मजकूर १६ बाइट ठेवा: ‘पिंग -आय १५ -एस १६’ (दोन्ही अक्षरं लहान लिपीतली). मध्ये डिजिपीटर (फ्रेम ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन, थोडक्यात डिजी) असेल तर अंतर ३० सेकंद. पहिला पिंग वाया गेला तर चिंता नको, तो अनेकदा आर्पच्या चौकशीत खर्च होतो.

लिनक्सवर दोन्ही टोकांना ‘ॲक्सलिसन’ हा मॉनिटर सुरू ठेवा, किंवा डायरवुल्फची (साउंडकार्डवरून पॅकेट डीकोड करणाऱ्या प्रोग्रॅमची) खिडकी नुसती समोर ठेवा. आता एक पिंग सोडा आणि चार प्रश्न विचारा. फ्रेम इथून निघाली का? समोर उमटली का? समोरून उत्तर निघालं का? ते इथे उमटलं का? पहिलं ‘नाही’ जिथे येईल तिथेच थांबा. पुढचं काही तपासू नका, त्यात फक्त वेळ जातो.

अँटेनाला उगाच दोष देऊ नये

हवेतला मार्ग, अँटेनाची गेन आणि कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) गळती या तिन्ही गोष्टी दोन्ही दिशांना सारख्याच लागू होतात. एका फ्रिक्वेन्सीवर इंदूर ते महू जितके डीबी (सिग्नलच्या घटीचं माप) जातात, तितकेच महू ते इंदूर जातात. त्यामुळे खरीखुरी एकतर्फी तक्रार असेल तर अँटेना खाली उतरवण्याची घाई करू नका. याला दोनच अपवाद लक्षात ठेवावेत. एक, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) इतका वाढलेला की रिग स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर कमी करते. पावसाळ्यात पीएल-२५९ कनेक्टरमध्ये पाणी गेलं की हे हमखास होतं, कारण तो कनेक्टर मुळात जलरोधक नाही. दुसरा, गंजलेला किंवा अर्धवट सोल्डर झालेला जोड, जो येणारा क्षीण सिग्नल जाऊ देतो पण २५ वॅट पडले की तापून उघडतो. दोन्हींसाठी पॉवर मीटर लावून सलग १० सेकंद कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) द्या. आकडा सुरुवातीपासूनच कमी असेल तर फोल्डबॅक (रिगने स्वतः कमी केलेली पॉवर), मध्येच उडी मारत असेल तर जोड.

मार्ग दोन्हीकडे सारखा असला तरी दोन टोकं सारखी नसतात. एकतर्फीपणा तिथून येतो.

पॉवर. एका टोकाला ५ वॅटची हँडी (हातातला रेडिओ) आणि दुसऱ्याला २५ वॅटची मोबाइल रिग असेल तर फरक ७ डीबीचा. जोडणी काठावर असेल तर मोठं स्टेशन सगळ्यांना ऐकू जातं आणि त्याला कोणी ऐकू येत नाही. १० मीटर उंचीच्या दोन खांबांमध्ये रेडिओ क्षितिज सुमारे २६ किलोमीटर येतं. महू त्यात बसतं, देवास बसत नाही. देवासची थेट जोडणी म्हणूनच कायम काठावरची. तिथे पॉवर वाढवण्यापेक्षा मध्ये उंचावर एक डिजी बसवणं केव्हाही चांगलं.

नॉइज. हा सर्वांत दुर्लक्षित दोष आहे आणि तो फक्त एका टोकाच्या रिसीव्हरवर बसतो. गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, राऊटरचा ॲडॅप्टर यांच्यातून २ मीटर बँडवर भरपूर कचरा पडतो. लक्षण साधं आहे: रात्री जोडणी चालते, सकाळी ऊन चढलं की एका बाजूने बंद होते. तर इन्व्हर्टर शोधा. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आणि दिवाळीत गल्लीभर एलईडी माळा लागल्यावर असंच होतं. तपासणी अशी: स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा, समोरच्या स्टेशनला सलग कॅरिअर द्यायला सांगा आणि तो किती निवांत ऐकू येतो ते पाहा. मग रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या, घरचा मेन स्विच पाडा आणि तोच कॅरिअर पुन्हा ऐका. फरक पडला तर नॉइज घरातला आहे. एकेक एमसीबी चढवत गेलं की दोषी सापडतो. त्या वायरीवर क्लिपवाला फेराइट कोर लावून पाच-सहा वेढे द्या किंवा तो ॲडॅप्टरच बदला.

ओव्हरलोड. स्वस्त हँडीचा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो आणि पुढे गाळणी जवळजवळ नसते. घरात रबरी अँटेनावर ती उत्तम ऐकते. तिलाच गच्चीवरची मोठी अँटेना जोडली की एफएम प्रसारणाचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झचा मारा पडून ती बहिरी होते. ट्रान्समिट मात्र छान लांब जाते. म्हणजे सगळे म्हणणार ‘तुमचा सिग्नल जोरात आहे’ आणि तुम्हाला कोणीच डीकोड होणार नाही. १४४ ते १४६ चा बँडपास फिल्टर लावा, किंवा निदान पॅकेटसाठी एखादी जुनी मोबाइल रिग वापरा. पॅकेटच्या कामात जुन्या मोबाइल रिगला तोड नाही.

ऐकू येतं पण डीकोड होत नाही

स्पीकरमध्ये पॅकेटचा आवाज ठणठणीत येतो आणि पडद्यावर काही उमटत नाही, तेव्हा दोष पॉवरचा नसून ऑडिओचा असतो. इथे डायरवुल्फचा एक आकडा फार उपयोगी पडतो. प्रत्येक फ्रेमच्या वर तो ‘ऑडिओ लेव्हल = ५०(१२/१०)’ असं काहीतरी लिहितो. पहिला आकडा एकूण पातळीचा. तो ५० च्या आसपास हवा, फार वर गेला तर डायरवुल्फ स्वतःच कुरकुरतो. कंसातले दोन आकडे १२०० आणि २२०० हर्ट्‌झ या दोन सुरांचे. ते जवळपास सारखे असावेत.

एखाद्याच स्टेशनचे आकडे ‘२४/१३’ असे येत असतील तर त्याचा वरचा सूर साधारण ५ डीबी खाली आहे. हा योगायोग नव्हे. एफएम रिसीव्हरचा स्पीकर वरचे सूर दर ऑक्टेव्हला ६ डीबीने दाबतो आणि १२०० ते २२०० म्हणजे ऑक्टेव्हपेक्षा किंचित कमी. ट्रान्समिटरने ते आधी तेवढेच उचलून पाठवायला हवे होते, ते झालेलं नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: समोरच्या रिगच्या मेन्यूत पॅकेटचा वेग १२०० ऐवजी ९६०० वर राहिला आहे.

या एका सेटिंगने अस्सल एकतर्फी जोडणी तयार होते. मागच्या सहा पिनच्या मिनी-डिन सॉकेटमध्ये पिन १ वर डेटा आत जातो, २ जमीन, ३ पीटीटी (ट्रान्समिट सुरू करणारी), ४ वर ९६०० चा ऑडिओ बाहेर, ५ वर १२०० चा आणि ६ वर स्क्वेल्च. पिन ५ मेन्यू काहीही असला तरी नेहमीसारखा ऑडिओ देत राहते, त्यामुळे त्या स्टेशनला सगळे डीकोड होतात. पिन १ ची संवेदनशीलता मात्र बदलते. १२०० वर ती सुमारे ४० मिलिव्होल्टची अपेक्षा करते, ९६०० वर व्होल्टाच्या घरात. १२०० साठी जुळवलेली केबल ९६०० च्या सेटिंगवर चालवली तर डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी किती हलते ते) जवळजवळ शून्यावर येतं आणि प्री-एम्फसिसही (वरचे सूर आधी उचलून पाठवणं) जातं. त्याला सगळे ऐकू येतात, तो कोणालाच कळत नाही.

उलट चूकही तेवढीच होते. साउंडकार्डचा लाइन-आउट व्होल्टाच्या आसपास देतो, तो थेट पिन १ ला जोडला की डेव्हिएशन ५ किलोहर्ट्‌झच्या मर्यादेवर आपटतं आणि सूर चेपून निघतात. कानाला तो आवाज सगळ्यांत दणदणीत वाटतो, म्हणून त्यावर संशय जात नाही. केबलमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि पिनच्या बाजूला ३९० ओहम जमिनीला द्या. पातळी सत्ताविसाव्या भागावर येते. वाटेत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. मग ‘अल्सामिक्सर’मधून (लिनक्समधला आवाजाच्या पातळीचा प्रोग्रॅम) बारीक जुळवणी करा.

जुळवणीसाठी डेव्हिएशन मीटर कोणाकडे सहसा नसतो. लागतही नाही. डायरवुल्फ ‘-एक्स’ या पर्यायाने चालवला की तो चाचणीचे सूर सोडतो. रिगला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, शेजारच्या दुसऱ्या रिसीव्हरवर ऐका आणि ऑडिओ हळूहळू वाढवा. एका जागी आवाज वाढायचा थांबतो, तिथे लिमिटर लागला. तिथून मागे या, आवाज उघड उघड निम्म्याच्या जवळ कमी वाटेपर्यंत. साधारण ३ किलोहर्ट्‌झ डेव्हिएशन तिथेच कुठेतरी असतं आणि १२०० बॉडला तेवढंच हवं. यूएसबी साउंडकार्ड असेल तर अल्सामिक्सरमध्ये ‘ऑटो गेन कंट्रोल’ बंद केलं आहे ना ते पाहा. ते चालू असलं की शांततेत गेन वर चढते आणि प्रत्येक फ्रेमची सुरुवात फाटते. जुळवणी झाल्यावर ‘अल्सासीटीएल स्टोअर’ द्यायला विसरू नका, नाहीतर रास्पबेरी पाय (पॅकेटसाठी लावलेला छोटा संगणक) पुन्हा सुरू झाल्यावर सगळं जुन्या जागी. पुन्हा सुरू होताना साउंडकार्डचा क्रमांकही बदलू शकतो. ट्रान्समिट भलत्याच कार्डावर जातं आणि रिग नुसता कोरा कॅरिअर सोडते.

वेळेचे दोष: ज्याचा आजार त्याच्याकडे औषध नाही

पॅकेटच्या जोडणीत बोलणं आणि ऐकणं पाळीपाळीने होतं, आणि पाळी बदलायला प्रत्येक रिगला वेळ लागतो. रामबागेची रिग ट्रान्समिट संपवून पुन्हा ऐकू लागायला समजा ३०० मिलिसेकंद घेते. महूचं उत्तर २०० मिलिसेकंदांच्या टीएक्सडिलेने आलं तर फ्रेमचा आरंभ हुकला आणि आरंभ हुकला की सगळी फ्रेम गेली. रामबागेला दिसतं ‘महू उत्तर देत नाही’. पण बीकन मात्र नीट उमटतं, कारण बीकनच्या वेळी रामबाग आधीपासून ऐकत बसलेली असते. हीच खूण पक्की: बीकन येतो, उत्तर येत नाही.

उपाय महूला आहे. महूने टीएक्सडिले २० वरून ५० करावा. हा आकडा दहा मिलिसेकंदांच्या एककात असतो, म्हणजे ५०० मिलिसेकंद. जोडणी लागली तर मग ५-५ ने कमी करत काठ शोधा आणि त्याच्या वर १० ठेवा.

रामबागेनेही आपली तीन ठिकाणं तपासावीत. हँडी असेल तर बॅटरी सेव्हर बंद. तो चालू असला की रिसीव्हर मधूनमधून झोपतो. स्क्वेल्च पूर्ण उघडा. डायरवुल्फ किंवा कोणताही बरा डीकोडर उघड्या खरखरीतून फ्रेम वेगळी काढतो, आणि स्क्वेल्च उघडायला लागणारा वेळ वाचतो. सीटीसीएसएस (ठरावीक सूर आला तरच स्क्वेल्च उघडणारी सोय) दोन्हीकडे बंद. आणि व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट करणाऱ्या सोयीवर) पीटीटी चालवत असाल तर त्याचा होल्ड पाहा. सूर संपल्यावरही व्हॉक्स अर्धा सेकंद ट्रान्समिट धरून ठेवतो आणि नेमक्या त्याच वेळात उत्तर येऊन जातं. डिलेची नॉब पूर्ण डावीकडे फिरवा. जमलं तर व्हॉक्स सोडूनच द्या. ट्रान्झिस्टर किंवा ऑप्टोकपलरवर खरा पीटीटी बसवायला एक संध्याकाळ पुरते.

कनेक्ट केलेल्या जोडणीत हा दोष मॉनिटरवर ओळखू येतो. रामबागेकडून ‘एसएबीएम’ (जोडणीची मागणी) जातो, महू ‘यूए’ (होकार) देतं, रामबाग पुन्हा ‘एसएबीएम’, महू पुन्हा ‘यूए’. महूच्या पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसत असतं आणि रामबागेच्या पडद्यावर रिट्राय मोजले जात असतात. ‘यूए’ रामबागेच्या मॉनिटरवर उमटतच नसेल तर वरचे दोष. उमटूनही कनेक्ट होत नसेल तर पुढचा भाग.

फ्रेम दिसते, संगणक घेत नाही

एएक्स.२५ मध्ये (पॅकेट रेडिओच्या नियमावलीत) कॉलसाइनला जोडलेला एसएसआयडी हा पत्त्याचा भाग आहे. -१ आणि -५ ही दोन वेगळी स्टेशनं. ॲक्सलिसन सगळ्या फ्रेम दाखवतो, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) फक्त आपल्या नावाची फ्रेम उचलतो. त्यामुळे मॉनिटरवर उत्तर डोळ्यांनी दिसतं आणि पिंग शून्य. अशा वेळी ती ओळ अक्षर अक्षर वाचा. बहुतेक वेळा असं दिसेल: रामबाग -१ म्हणून पिंग पाठवते आहे आणि महू उत्तर -५ ला पाठवतं आहे.

-५ आलं कुठून? महूच्या आर्प तक्त्यातून. कोणी तरी मागे एकदा हाताने कायमची नोंद घातली, पुढे रामबागेने ‘ॲक्सपोर्ट्स’ फाइलमध्ये एसएसआयडी बदलला आणि नोंद तशीच राहिली. कायमची नोंद नव्या चौकशीने बदलत नाही. महूला ‘आर्प -ए’ देऊन पाहा, जुनी ओळ काढा आणि नवी चौकशी होऊ द्या. वर्दळीच्या चॅनेलवर कायमच्या नोंदी चांगल्या, कारण प्रत्येक चौकशीला एक-दीड सेकंद हवा वाया जाते. पण मग त्या कुठे लिहिल्या आहेत याची यादी दोन्ही टोकांकडे एकच असली पाहिजे.

डिजिपीटर मध्ये असेल तर आणखी एक खोच आहे. कनेक्ट केलेल्या जोडणीत उत्तर आपोआप त्याच डिजीमार्गे उलटं जातं. आयपी डेटाग्राम मोडमध्ये तसं होत नाही. तिथे प्रत्येक टोक आपल्या तक्त्याप्रमाणे चालतं. देवासने इंदूरसाठी ‘ॲक्सपार्म्स’मध्ये डिजीचा मार्ग घातला आणि इंदूरने देवाससाठी घातला नाही, तर जाणारी फ्रेम डिजीवरून येईल आणि उत्तर थेट सुटून वाऱ्यावर जाईल. मॉनिटरवर डिजीच्या नावापुढे तारा आहे का पाहा. तारा म्हणजे डिजीने फ्रेम पुढे पाठवली. उत्तरात डिजीचं नावच नसेल तर मार्ग घालायचा राहिला आहे.

एक दोष लिनक्स आणि किस टीएनसीच्या (संगणक आणि रेडिओमधल्या मोडेमच्या) जोडीतला. ‘किसअटॅच’ केल्यावर पहिल्या काही फ्रेम भलत्याच निघतात किंवा निघतच नाहीत, ऐकणं मात्र व्यवस्थित. कारण कर्नलचा किस ड्रायव्हर सुरुवातीला टीएनसीला चेकसम समजतो का हे चाचपून पाहतो, आणि साध्या टीएनसीला त्या जादा बाइटांचा अर्थ लागत नाही. ‘किसपार्म्स’ला पोर्टचं नाव देऊन ‘-सी १’ द्या. चेकसम बंद होतं. ही ओळ किसअटॅचनंतर लगेच येईल अशी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच घाला.

पिंग एका बाजूने येतो, दुसऱ्या बाजूने नाही

आता पहिली तक्रार. हवा निर्दोष आहे हे ठरलं. उदाहरणासाठी रामबागेचा रेडिओचा पत्ता १०.४४.०.१ आणि महूचा १०.४४.०.२ धरू. दोघांच्याही घरी ब्रॉडबँडचं १९२.१६८.१ जाळं आहे.

सगळ्यात आधी उगमाचा पत्ता. महूचा संगणक पिंग पाठवतो तेव्हा त्याच्यावर रेडिओऐवजी घरच्या जाळ्याचा पत्ता चिकटतो का? तसं असेल तर रामबागेत पॅकेट पोचतं, रामबाग उत्तर तयार करते आणि ते १९२.१६८.१ च्या दिशेने स्वतःच्याच घरच्या जाळ्यात सोडते. हवेवर काही येतच नाही. ‘पिंग -आय १०.४४.०.२’ असं उगम बांधून पाठवा. इथे ‘-आय’ मोठ्या लिपीतलं. चाललं तर मार्गाच्या ओळीत ‘सोर्स’ कायमचा लिहा. आणि दोन्ही घरी एकच १९२.१६८.१ असेल तर एकाचं बदला. त्याशिवाय मागच्या संगणकांची जोडणी कधीच सरळ होणार नाही.

गेटवे (रेडिओ आणि घरचं जाळं जोडणारा संगणक) उत्तर देतो पण त्याच्या मागचा संगणक देत नाही, हा याचाच भाऊ. मागच्या संगणकाचा डीफॉल्ट गेटवे ब्रॉडबँडचा राऊटर असतो आणि त्याला १०.४४ कुठे आहे हे ठाऊक नसतं. राऊटरमध्ये एक कायमचा मार्ग घाला: १०.४४.०.० चं जाळं, पुढचा टप्पा रास्पबेरी पायचा घरचा पत्ता. पायवर ‘आयपी_फॉरवर्ड’ (पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी) १ आहे ना तेही पाहा. विंडोजचा संगणक असेल तर त्याची फायरवॉल बाहेरच्या सबनेटचा पिंग अडवू शकते, म्हणून चाचणीला मागे लिनक्सचा संगणक ठेवलेला बरा.

यानंतरही ‘टीसीपीडंप’मध्ये (येणारीजाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) पॅकेट आलेलं दिसतं, फायरवॉल रिकामी आहे आणि उत्तर निघत नाही, तर ‘आरपी_फिल्टर’कडे वळा. कर्नल विचारतो: हे पॅकेट रेडिओवरून आलं, पण याच्या उगमाला जाण्याचा माझा मार्ग तर तारेवरून आहे; मग हे खरं कशावरून? आणि न सांगता टाकून देतो. नोंद नाही, चूक नाही. ‘एनस्टॅट’मध्ये ‘आयपी रिव्हर्स पाथ फिल्टर’चा आकडा प्रत्येक पिंगला एकाने वाढत असेल तर चोर हाच. ‘लॉग_मार्शियन्स’ १ केलं की नोंदही दिसू लागते.

बंद करताना अनेक जण एक चूक करतात. रेडिओच्या इंटरफेसवर आकडा ० करतात आणि काही फरक पडत नाही. कर्नल ‘ऑल’चा आणि इंटरफेसचा यांतला मोठा आकडा धरतो. ऑल १ असेल तर इंटरफेसचा ० फुकट. इंटरफेसवर २ लिहा. २ म्हणजे उगमाला कोणत्याही रस्त्याने जाता येत असेल तरी चालेल, आणि तो १ पेक्षा मोठा असल्याने लागू होतो.

रामबागेतून सुरू केलेलं टेलनेट (दूरच्या संगणकावरचं लॉगिन) चालतं, महूहून सुरू केलेलं नाही, आणि पिंग मात्र दोन्हीकडून चालतो, असं असेल तर रामबागेची फायरवॉल. ती आपण सुरू केलेल्या संवादाचं उत्तर आत घेते, नवं काही घेत नाही. रेडिओच्या इंटरफेससाठी लागतील तेवढेच पोर्ट उघडा.

४४ ने सुरू होणारे हौशी जाळ्याचे पत्ते वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. जुन्या स्क्रिप्टमध्ये ४४.०.०.०/८ हा अख्खा पट्टा रेडिओकडे किंवा टनेलकडे वळवलेला असतो. २०१९ मध्ये त्यातला ४४.१९२.०.०/१० हा भाग ॲमेझॉनला विकला गेला. त्या पत्त्यांवरच्या साध्या वेबसाइट अशा स्टेशनवर उघडतच नाहीत. तिथे आता ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० अशा दोन ओळी हव्यात.

लॉगिन होतं, पुढे गोठतं

एएक्स.२५ च्या फ्रेममध्ये साधारण २५६ बाइटांचा मजकूर मावतो, म्हणून रेडिओच्या इंटरफेसचा एमटीयू २५६. मागच्या घरच्या जाळ्याचा १५००. मोठं पॅकेट आलं की गेटवेने ‘तुकडे करा’ असा निरोप परत पाठवायचा असतो. तो निरोप कुठे फायरवॉलमध्ये अडकला तर पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. छोट्या ओळी जातात, यादी मागितली की गोठतं, आणि तेही एकाच दिशेने. गेटवेवर एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्यातला कमाल मजकूर) २१६ वर बांधा, म्हणजे २५६ मधून आयपी आणि टीसीपीच्या डोक्यांचे (हेडरचे) ४० बाइट वजा. टीसीपीची विंडोही (पोचपावतीची वाट न पाहता पाठवायचा मजकूर) लहान ठेवा. १२०० बॉडवर मोठी विंडो म्हणजे रांगेत अडकलेली, शिळी आणि पुन्हा पुन्हा पाठवलेली पॅकेटं.

तपासायला पिंगचा आकार बदलत जा: १६, १००, २००, २२८. त्यात २८ बाइट डोक्याचे मिळवले की २२८ चे बरोबर २५६ होतात. २०० जातो आणि २२८ जात नाही, तर टीएनसीची फ्रेमची मर्यादा कमी आहे. एमटीयू २१६ करून पाहा.

दोन घरांमध्ये काही भाग ब्रॉडबँडवरून एएक्सयूडीपीने (एएक्स.२५ च्या फ्रेम इंटरनेटवरून नेण्याची पद्धत) जोडलेला असेल तर राऊटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सेवादात्याने अनेक घरं एका पत्त्यामागे ठेवली आहेत आणि बाहेरून आत येणारं पॅकेट तुमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही, पोर्ट कितीही फॉरवर्ड केला तरी. त्या टोकाने दर २० ते ३० सेकंदांनी एक छोटं पॅकेट समोर पाठवत राहावं म्हणजे रस्ता उघडा राहतो. समोरच्या टोकाने उत्तर नोंदवून ठेवलेल्या पोर्टवर न पाठवता पॅकेट ज्या पोर्टवरून आलं त्याच पोर्टवर पाठवायचं. दोन्ही घरं अशीच लपलेली असतील तर मध्ये उघडा पत्ता असलेलं तिसरं स्टेशन लागेल, किंवा तो टप्पा पुन्हा हवेवर आणावा लागेल.